सापाच्या विषावरची गोळी आणि इतर प्रश्न : वाचक विचारतात

प्रश्न : सर्पदंशावर गोळी निघाली अशी बातमी वाचली. आमचे शेत गावापासून सहा किलोमीटर आत आहे आणि तिथून ग्रामीण रुग्णालय आणखी वीस किलोमीटर. ही गोळी शेतघरात आणून ठेवता येईल का?
(एक शेतकरी, ता. संगमेश्वर)

उत्तर : आज तरी नाही. बातमी खोटी नाही, पण अर्धी आहे.

औषधाचे नाव व्हॅरेस्प्लॅडिब. ते मुळात हृदयविकारासाठी तयार झाले होते. तिथे उपयोग दिसेना, उलट धोक्याची शंका आली, म्हणून २०१२ मध्ये ती चाचणी थांबवली गेली. पुढे संशोधकांच्या लक्षात आले की हे औषध ज्या विकराला (एन्झाइमला) अडवते, ते विकर सापाच्या विषात भरपूर असते. त्याचे नाव फॉस्फोलायपेज ए-२. पेशीच्या आवरणातला स्निग्ध थर ते फोडते. मण्यारीच्या विषात या कुळातले एक विष मज्जातंतूच्या टोकाशी जाऊन ते टोकच निकामी करते. घोणशीच्या विषातही या कुळातल्या विषांचा वाटा मोठा असतो.

गोळीची चाचणी ‘ब्रॅव्हो’ नावाने भारत आणि अमेरिकेत झाली. ९५ रुग्ण होते आणि त्यांतले बहुतेक भारतातले. नेहमीचे उपचार सगळ्यांनाच मिळाले. त्यावर एका गटाला ही गोळी आणि दुसऱ्या गटाला औषध नसलेली गोळी दिली. २०२४ मध्ये निकाल छापून आला. सगळ्या रुग्णांचा एकत्र हिशेब केला तर दोन गटांत ठळक फरक नव्हता. दंशानंतर पाच तासांच्या आत ज्यांना गोळी मिळाली, त्यांची प्रकृती मात्र जास्त सुधारलेली दिसली. हा गट लहान आहे, त्यामुळे याला पुरावा म्हणता येत नाही. पण पुढची चाचणी कुठे करायची, हे त्यातून कळते : दंशाच्या जागेपासून दवाखान्यापर्यंतच्या रस्त्यावर.

दुसरी अडचण अशी की ‘सापाचे विष’ ही एक वस्तू नाही. नागाच्या विषातला श्वास थांबवणारा घटक वेगळ्याच घडणीचा, तीन बोटांसारख्या आकाराचा असतो आणि त्यावर व्हॅरेस्प्लॅडिब चालत नाही. फुरशाच्या विषात जस्तावर चालणारी विकरे रक्तवाहिन्यांच्या भिंती पोखरतात, त्यांच्यावरही नाही. तुमच्या कोकणात फुरसेच जास्त. त्या विकरांसाठी युनिथायॉल हे औषध पुढे आले आहे. ते जड धातूंच्या विषबाधेवर आधीपासून वापरात आहे आणि शरीरातले जस्त पकडते. केनियात निरोगी स्वयंसेवकांना देऊन ते सुरक्षित आहे का, हे पाहून झाले. सर्पदंशाच्या रुग्णांवरची परीक्षा अजून पुढे आहे. नागकुळातल्या विषांसाठी अमेरिकेतल्या डेव्हिड बेकर यांच्या प्रयोगशाळेने संगणकावर आराखडा करून छोटी प्रथिने घडवली. त्याचा शोधनिबंध जानेवारी २०२५ मध्ये आला. मारक मात्रेनंतरही ८० ते १०० टक्के उंदीर वाचले. हे काम खरोखर मोठे आहे. पण उंदीर ते माणूस हे अंतर बरीच वर्षे खाते.

उद्या गोळी आलीच, तरी ती दवाखाना गाठेपर्यंतचा वेळ मिळवून देईल. दंशानंतर द्यायच्या सर्पविषावरच्या लशीची जागा ती घेणार नाही. तोवर तुमच्या सव्वीस किलोमीटरसाठी आजच तयारी करा. आपल्या रुग्णालयात सर्पदंशाची लस आणि कृत्रिम श्वासाची सोय आहे का, हे पावसाळ्याआधी जाऊन विचारा. नसेल तर पुढचे ठिकाण कोणते, तेही ठरवून ठेवा. दंश झाला की १०८ ला फोन करा. अंगठी, जोडवी, पैंजण, घड्याळ लगेच उतरवा, कारण सूज चढली की ते कापावे लागते. हात किंवा पाय फळी नाहीतर बांबूची कामटी लावून मोडलेल्या हाडासारखा स्थिर करा. माणसाला चालवू नका. दोरी, रुमाल आवळून बांधू नका. फुरसे आणि घोणशीचे विष तिथेच साचून मांस सडते, आणि बांध सोडल्याबरोबर ते एकदम अंगात जाते. कोणी आधीच बांधले असेल तर वाटेत सोडू नका. दवाखान्यात लस आणि इतर तयारी हाताशी ठेवून डॉक्टर सोडतील.

प्रश्न : यजमानांना घोणस चावली. दहा कुप्या लस दिली, तरी सहा तासांनी रक्त गोठत नव्हते. मग आणखी दहा दिल्या. लस कमी ताकदीची होती का?
(एक वाचक, ता. जुन्नर)

उत्तर : आधी दहाच का, ते पाहू. आपल्याकडच्या लशीचा एक मिलिलिटर घोणशीचे किंवा नागाचे ०.६ मिलिग्रॅम, आणि मण्यारीचे किंवा फुरशाचे ०.४५ मिलिग्रॅम विष निकामी करतो. कुपी दहा मिलिलिटरची असते, म्हणजे घोणशीचे सहा मिलिग्रॅम. घोणस एका दंशात सरासरी ६३ मिलिग्रॅमच्या आसपास विष सोडते. म्हणून सुरुवात आठ ते दहा कुप्यांनी करतात. पण ही सरासरी झाली. पूर्ण वाढलेली घोणस याच्या दुपटीहून जास्त सोडू शकते.

दुसरी गोष्ट, लस रक्तात फिरणारे विष पकडते. रक्त गोठवणारे जे घटक विषाने आधीच खाऊन टाकले, ते ती परत देत नाही. ते यकृताला नव्याने बनवावे लागतात आणि त्याला सुमारे सहा तास लागतात. म्हणून पुढची तपासणी सहा तासांनी होते, आणि तेव्हाही गोठत नसेल तर पुन्हा लस. दोन तासांत घाबरून आणखी कुप्या चढवल्याने काही साधत नाही. तुमच्याकडे जे झाले ते नियमाप्रमाणेच झाले.

तरीही तुमची शंका रास्त आहे आणि अलीकडचे संशोधन तिला दुजोरा देते. लस बनवण्यासाठी घोड्यांना जे विष टोचतात, ते मुख्यत्वे तमिळनाडूतल्या इरुला साप पकडणाऱ्यांच्या सहकारी संस्थेतून येते, म्हणजे दक्षिणेकडच्या सापांचे. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतले कार्तिक सुनगर यांच्या गटाने देशातल्या ३४ ठिकाणच्या ११५ घोणशींचे विष तपासले. एप्रिल २०२५ मध्ये ते प्रसिद्ध झाले. ठिकाण बदलले की विषातल्या विकरांचे प्रमाण बदलते, आणि कोरड्या हवामानाच्या भागात प्रथिने तोडणारी विकरे जास्त क्रियाशील आढळली. साप तोच, पण एका प्रदेशातल्या विषावर बेतलेली लस दुसरीकडे जास्त लागू शकते. प्रदेशानुसार विष गोळा करून लस बनवणे हा यावरचा उपाय आहे. तो लवकर व्हायला हवा आणि त्यासाठी राज्यांनी पैसा काढायला हवा, असे आमचे स्पष्ट मत आहे. देशात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसे गेल्याचा अंदाज आहे, वर्षाला सरासरी अठ्ठावन्न हजार.

एक सूचना. घोणशीच्या दंशानंतर घरी आल्यावर लघवी कमी होते का, याकडे पहिले दोन आठवडे लक्ष द्या. पुढे काही महिन्यांनी सतत थकवा, थंडी सहन न होणे, बायकांमध्ये पाळी बंद होणे असे काही दिसले तर डॉक्टरांना जुना दंश आठवणीने सांगा. या विषाने मेंदूतल्या पीयूष ग्रंथीला इजा होऊ शकते आणि ती उशिरा उघड होते.

प्रश्न : आमच्या केंद्रात रक्त गोठण्याची वीस मिनिटांची तपासणी करतो. एकाच रुग्णात दोनदा वेगळे निकाल आले. चूक कुठे होते?
(परिचारिका, प्राथमिक आरोग्य केंद्र)

उत्तर : बहुतेक वेळा नळीत. नळी काचेचीच हवी, नवी, स्वच्छ आणि कोरडी. काचेच्या पृष्ठभागामुळेच गोठण्याची क्रिया सुरू होते. प्लास्टिकच्या नळीत निरोगी माणसाचे रक्तही पातळ राहू शकते. साबणाने किंवा डिटर्जंटने धुतलेल्या नळीतही तेच होते, म्हणून धुऊन पुन्हा वापरू नका. ईडीटीएची (रक्त गोठू न देणारे रसायन घातलेली) नळी चुकून हाती आली तर रक्त गोठणारच नाही.

शिरेतून दोन मिलिलिटर ताजे रक्त घ्या, नळीत सोडा, स्टँडमध्ये उभी ठेवा आणि भिंतीवरच्या घड्याळातली वेळ नळीवर चिकटवलेल्या पट्टीवर लिहा. वीस मिनिटे हात लावायचा नाही. मधेच ‘झाले का’ म्हणून तिरपी करून पाहिली की धरू लागलेली गुठळी मोडते. वीस मिनिटांनी एकदाच तिरपी करा. रक्त ओघळले तर गोठलेले नाही. गुठळी नळीला धरून राहिली तर गोठले आहे. शंका वाटली तर सोबतच्या निरोगी नातेवाइकाचे रक्त त्याच प्रकारच्या दुसऱ्या नळीत शेजारी ठेवा. तेही ओघळले तर दोष नळीचा.

पहिली तपासणी चांगली आली म्हणून रुग्णाला घरी सोडू नका. विष सावकाश चढते. पहिले तीन तास दर अर्ध्या तासाने आणि नंतर तासातासाने तपासा. चोवीस तास रुग्ण नजरेसमोर हवा.

प्रश्न : लशीची ‘रिअॅक्शन’ येते म्हणून आधी त्वचेवर टोचून पाहावे का? आणि लहान मुलाला अर्धा डोस द्यायचा ना?
(आरोग्य सेवक, ता. चंदगड)

उत्तर : दोन्हींचे उत्तर नाही. त्वचेवरच्या चाचणीने कोणाला रिअॅक्शन येईल हे कळत नाही, फक्त अर्धा तास जातो. श्रीलंकेत एक हजाराहून जास्त रुग्णांवर झालेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, लस सुरू करण्याआधी ०.२५ मिलिलिटर अॅड्रेनॅलिन (१:१०००) त्वचेखाली दिल्याने पहिल्या तासातल्या गंभीर रिअॅक्शन ४३ टक्क्यांनी घटल्या. हायड्रोकॉर्टिसोन आणि प्रोमेथझिन, जी आपल्याकडे सवयीने देतात, त्यांचा असा उपयोग दिसला नाही. उलट हायड्रोकॉर्टिसोन जोडीला दिले की अॅड्रेनॅलिनचा फायदाही गेला. द्यायचे की नाही ते डॉक्टर ठरवतील. पण लस चालू असताना अॅड्रेनॅलिन सिरिंजमध्ये भरलेले असलेच पाहिजे. अंगावर गांधी, उलटी, धाप यांपैकी काही दिसले की लस थांबवून मोठ्या माणसाला ०.५ मिलिलिटर मांडीच्या स्नायूत. रुग्ण सावरला की लस पुन्हा सुरू.

मुलाला लस मोठ्या माणसाइतकीच. सापाने विष वजन बघून सोडलेले नसते. मुलासाठी फक्त सलाइनचे प्रमाण वजनाप्रमाणे कमी करायचे. गरोदर बाईलाही पूर्ण मात्रा. आणि भुकटीच्या कुपीत पाणी घातल्यावर ती हलके फिरवा, जोरात हलवू नका. फेस झाला की औषध फुकट जाते.

प्रश्न : रात्री जमिनीवर झोपलेल्या मुलाच्या पहाटे पोटात दुखू लागले. अंगावर कुठेही खूण नव्हती. दुपारी डॉक्टर मण्यार म्हणाले. खुणेशिवाय कसे ओळखले?
(एक वाचक, ता. पैठण)

उत्तर : पापण्यांवरून. मण्यारीचे दात बारीक असतात. दंश दुखत नाही, सुजत नाही, खूण दिसतेच असे नाही. पहाटेची पोटदुखी आणि उलटी, मग जड होऊन मिटू लागलेल्या पापण्या, एकाचे दोन दिसणे, थुंकी गिळता न येणे, मान न धरणे, या क्रमाने ते वर चढते आणि शेवटी श्वासाचे स्नायू थांबतात. जमिनीवर झोपलेल्या मुलाला पहाटे पोटदुखी आणि डोळे उघडेनात, एवढ्यावरच दवाखाना गाठावा.

नागदंशात अॅट्रोपिन ०.६ आणि निओस्टिग्मिन १.५ मिलिग्रॅम (मोठ्या माणसाची मात्रा) दिल्यावर पापण्या अनेकदा तासाभरात उघडतात. मण्यारीत सहसा नाही, कारण मज्जातंतूचे टोकच मोडलेले असते आणि ते पुन्हा वाढायला दिवस लागतात. तितके दिवस कृत्रिम श्वास दिला तर मूल पूर्ण बरे होते. अशा वेळी रुग्ण सगळे ऐकत असतो, फक्त हलू शकत नाही. म्हणून त्याच्याशी बोलत राहा.

मच्छरदाणी गादीखाली नीट खोचून झोपणे हा यावरचा साधा उपाय आहे. नेपाळच्या तराईतल्या पाहणीत तिचा उपयोग स्पष्ट दिसला.

प्रश्न : साप मारून दवाखान्यात न्यावा का?
(एक वाचक, मडगाव)

उत्तर : नको. आपल्याकडची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर एकच आहे, आणि उपचार लक्षणांवरून होतात. मारायला जाण्यात वेळ जातो, कधी दुसरा माणूसही चावला जातो. मेलेल्या सापाचे डोकेही काही काळ चावू शकते. लांबून मोबाइलवर फोटो मिळाला तर मात्र जरूर घ्या. तुमच्या भागात चापडाही आढळतो आणि त्याच्या विषावर ही लस बनवलेलीच नाही. त्यामुळे फोटोत चापडा ओळखू आला तर डॉक्टर लस वाया न घालवता वेदना, सूज आणि रक्ताकडे लक्ष देतील.