मुंबईच्या तलावांच्या गाळावरून हजारो वर्षांपूर्वीचा पाऊस कळेल का?

पवई किंवा विहारच्या तळाचा गाळ काढला तर हजारो वर्षांपूर्वी इथे पाऊस कसा होता ते कळेल का, असं तुम्ही विचारलंय. मी प्रयोगशाळेत तलावांचा गाळ तपासते, म्हणून उत्तर देते.

या तलावांतून नाही कळणार. विहार 1860 सालचा, तुळशी 1879चा आणि पवई त्यानंतरचा. तिन्ही ठिकाणी बांध घालून पाणी अडवलंय, त्यामुळे गाळ जास्तीत जास्त दीडशे-पावणेदोनशे वर्षांचा. पण तोही मोलाचा आहे. अणुचाचण्यांमधून जगभर पडलेलं सीझियम-137 हे किरणोत्सारी द्रव्य सर्वांत जास्त 1963च्या सुमारास साचलं. गाळ मधे कुणी उपसला नसेल, तर तो थर 1963चा धरून त्याच्यावर किती गाळ साचला ते मोजायचं. आसपास वस्ती वाढली तसा तलाव गाळाने किती भरत गेला, ते त्यातून दिसतं.

जुना पाऊस शोधायचा तर बुलढाण्यातलं लोणार गाठायला हवं. ते उल्कापाताने झालेलं विवर. बाहेर वाहून जायला वाट नसल्याने पावसाचं सगळं कमी-जास्त तिथल्या पाण्यात उतरतं. तळातून काढलेल्या सुमारे 10 मीटर गाळात जवळपास 11,000 वर्षांची नोंद मिळाली. त्यात दोन ठिकाणी गेलुसाइटचे स्फटिक आहेत. पाणी भयंकर आटून खारं झाल्याशिवाय हे खनिज तयारच होत नाही. ते दोन काळ म्हणजे अंदाजे 4,600 ते 3,900 आणि 2,000 ते 600 वर्षांपूर्वीचे. पाऊस शतकानुशतकं ओढ देत राहिला, हे त्या स्फटिकांवरून कळलं.

तळात खुपसून गाळ भरून आणलेली नळी उभी चिरली की आधी कुजक्या अंड्यांसारखा वास येतो. मग काळे-राखाडी पट्टे दिसतात, काही तर नखाएवढे बारीक. मधेच वाळूची रेघ आली की बोट तिथेच थांबतं: बहुतेक एखादा मोठा पूर. पुढे सेंटिमीटर-सेंटिमीटरने काप काढायचे, तेव्हा कुठली झाडं होती ते कळायला परागकण वेगळे करायचे, पानाचा तुकडा मिळाला तर त्यातल्या किरणोत्सारी कार्बन-14वरून वय काढायचं. मला यातलं कंटाळवाणं कामही आवडतं.

आणि मुंबईचं म्हणाल तर इथला खरा जुना तलाव वरळीच्या खडकात आहे. दख्खनचा लाव्हा थांबून थांबून वाहिला. मधल्या काळात साचलेल्या पाण्याखाली चिखल बसला आणि त्यावर पुन्हा लाव्हा आला. त्या चिखलाचा पापुद्र्यांचा शेल खडक झाला, त्यात इवल्याशा बेडकांचे सांगाडे सापडले. ब्रिटिश जीवाश्मतज्ज्ञ रिचर्ड ओवेन यांनी 1847 साली त्यांचं वर्णन केलं. सहा कोटी वर्षांहून जुने बेडूक, आणि तेही वरळीत! पुढे 1870च्या दशकात प्रिन्सेस डॉक खणताना समुद्रपातळीच्या खाली, मुळं मातीत रोवलेली खैराची झाडं मिळाली. एकेकाळी तिथे कोरडी जमीन होती, याचा इतका सरळ पुरावा क्वचितच हाती लागतो.

आजही पायासाठी खोल खणतात तेव्हा असा माल डंपरमधून निघून जातो, याचं मला फार वाईट वाटतं. ओळखीच्या इंजिनिअरकडून पातळ पापुद्र्यांचा काळा दगड मिळाला तर तो ओला असतानाच प्लास्टिकमध्ये गुंडाळा, वाळला की पापुद्रे सुटतात. वर जागा आणि खोली लिहा आणि जवळच्या कॉलेजच्या भूशास्त्र विभागात नेऊन द्या.