आयटीआय इलेक्ट्रिशियनने जर्मनीत पुन्हा शिकाऊ व्हावं का?

तू विचारलंस ते असं: वय 23, आयटीआय इलेक्ट्रिशियन, चाकणमध्ये गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात दोन वर्षं कंत्राटावर मेंटेनन्सला. पुण्यातला एक एजंट म्हणतोय की सहा लाख भर, जर्मनीत आउसबिल्डुंग (फर्ममध्ये शिकाऊ म्हणून काम करत ट्रेड शिकणं) मिळवून देतो, शिकताना पगार आणि नंतर तिथेच कायम. तर दादा, यावं का, कोणता ट्रेड घ्यावा आणि घरी पैसे पाठवता येतील का?

मी मूळचा इचलकरंजीचा. इथे जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेम्बेर्ग राज्यात तुझाच ट्रेड शिकलो आणि आता त्याच छोट्या फर्ममध्ये नव्या पोरांना हाताखाली घेतो. माझं मत आधीच सांगतो. तू जरूर ये, पण एजंटला सहा लाख देऊन येऊ नकोस. आणि चाकणची सवय म्हणून इथेही गाडीच्याच कारखान्याच्या दारात उभा राहू नकोस.

आउसबिल्डुंग म्हणजे काय ते नीट समजून घे, कारण एजंट ते 'कोर्स' म्हणून विकतात. त्यात तुझा करार फर्मशी होतो, कॉलेजशी नाही. आठवड्याचे तीन-चार दिवस फर्ममध्ये काम आणि एक-दोन दिवस व्यवसाय शाळा, किंवा शाळेचे सलग काही आठवडे. असे मान्यताप्राप्त ट्रेड तीनशेच्या वर आहेत. इलेक्ट्रिशियनला साडेतीन वर्षं लागतात. परीक्षा ना मालक घेतो ना शाळा. ती चेंबरची, म्हणजे त्या-त्या व्यवसायाच्या अधिकृत मंडळाची असते: उद्योगांसाठी आयएचके, कारागिरीच्या धंद्यांसाठी हांडवेर्क्सकामर. त्यामुळे तुझं प्रमाणपत्र गावच्या चार माणसांच्या फर्ममधून मिळालेलं असलं तरी हांबुर्गपासून म्युनिकपर्यंत सारखंच चालतं. आपल्याकडे अप्रेंटिसशिपचा कायदा 1961 पासून आहे, तरी कितीतरी ठिकाणी अप्रेंटिस म्हणजे स्वस्तातला हेल्पर. इथे काय शिकवायचं याची यादी कायद्याने बांधलेली आहे. तू दर आठवड्याला काय केलंस ते वहीत लिहायचं आणि शिकवणाऱ्याने त्यावर सही करायची. ती वही पूर्ण नसेल तर शेवटच्या परीक्षेला बसता येत नाही.

शिकणं म्हणजे काय, याचं एक उदाहरण देतो. आपल्याकडच्या प्रत्येक इलेक्ट्रिशियनच्या खिशाला निऑनचा टेस्टर असतो. दिवा लागला नाही की लाइन बंद आहे असं धरायचं. इथे त्या टेस्टरच्या भरवशावर तारेला हात लावलास तर पहिल्याच दिवशी बोलणी खाशील. दोन टोकांचा टेस्टर वापरायचा. तो आधी चालू लाइनवर लावून बघायचा, मग बंद केलेल्या लाइनवर, मग पुन्हा चालू लाइनवर, म्हणजे मधल्या वेळात टेस्टरच बिघडला नाही याची खात्री होते. शिवाय पाच नियम क्रमाने पाठ हवेत: पुरवठा तोड, तो पुन्हा चालू होणार नाही अशी सोय कर, व्होल्टेज नाही हे तपासून घे, तारा अर्थिंगला जोडून शॉर्ट कर, शेजारचे जिवंत भाग झाकून घे. चौथा नियम घरगुती कामात सहसा लागत नाही, तो कुठे लागतो हेही परीक्षेत विचारतात. चाकणमध्ये लाइन थांबू नये म्हणून चालू पॅनलमध्ये हात घालायला लावतात, हे मला माहीत आहे. इथे सुपरवायझर तसं म्हणाला तर नाही म्हणण्याचा हक्क शिकाऊ मुलालाही आहे, आणि तो हक्क बजावायलाच त्याला शिकवतात. मला या व्यवस्थेतलं सर्वांत मोलाचं काही वाटत असेल तर ते हे.

आता ट्रेड. इथली गाडी कंपनी म्हणजे जन्माची सोय, असं आपल्याकडे अजून समजतात. डिसेंबर 2024 मध्ये फोक्सवॅगन आणि कामगार संघटनेत समझोता झाला. त्यात 2030 पर्यंत जर्मनीतली 35,000 पदं कमी करायचं ठरलं आणि शिकाऊंच्या जागा 2026 पासून वर्षाला 1,400 वरून 600 वर आणायचं ठरलं. गिअरबॉक्स बनवणाऱ्या झेडएफनेही 2024 मध्येच 14,000 पर्यंत पदं कमी करण्याचं जाहीर केलं होतं. इलेक्ट्रिक गाडीला इंजिनाच्या गाडीएवढे भाग लागत नाहीत, त्यात चीनशी स्पर्धा. स्टुटगार्टच्या आसपासची गावंच्या गावं या धंद्यावर उभी आहेत, तिथली चिंता रोज कानावर येते.

दुसरीकडे छतांवर सोलर बसतंय. 2025 च्या सुरुवातीला देशातली सोलरची क्षमता 100 गिगावॉटच्या पुढे गेली. तळघरात गॅसच्या बॉयलरच्या जागी हीट पंप (विजेवर घर तापवणारं यंत्र) येतोय, गॅरेजमध्ये गाडीचा चार्जर येतोय. या तिन्हींसाठी बहुतेक वेळा आधी घरातलं जुनं मीटर कॅबिनेट बदलावं लागतं, आणि ते काम कोणताही रोबोट करत नाही. साठच्या दशकातलं घर, भिंतीत काय वायरिंग आहे याचा नकाशा नाही, वर राहणाऱ्या आजीला दुपारपर्यंत वीज परत हवी. हीटिंगच्या कायद्यांवरून इथलं राजकारण तापतं, अनुदानं वरखाली होतात, पण घरं तिथेच आहेत आणि वायरमन म्हातारे होत चाललेत. 2024 मध्ये देशभरात सुमारे 69,000 शिकाऊ जागा रिकाम्या राहिल्या, त्यात अशा छोट्या कारागिरी फर्म पुष्कळ. म्हणून इमारत आणि ऊर्जा या शाखेतला इलेक्ट्रिशियन हो. नर्सिंगलाही मागणी प्रचंड आहे, पण फक्त व्हिसासाठी नर्सिंगला जाऊ नकोस. ते काम मनापासून करायचं असतं, समोर आजारी माणूस असतो.

आता एजंट तुला सांगणार नाही अशी गोष्ट. तुझा आयटीआय ट्रेड दोन वर्षांचा आणि सरकारमान्य आहे. त्यामुळे शून्यापासून सुरुवात करणं हा एकच रस्ता तुझ्यापुढे नाही. तुझं शिक्षण जर्मन प्रमाणपत्राशी ताडून बघता येतं. उद्योगातल्या इलेक्ट्रिशियनसाठी ते नुरेंबर्गचं आयएचके फोसा नावाचं कार्यालय करतं, घरबांधणीच्या बाजूला हांडवेर्क्सकामर. बहुधा 'अंशतः समान' असं उत्तर येईल, म्हणजे काय कमी आहे ते लिहून देतात आणि तेवढंच भरून काढायचं. मार्च 2024 पासून आणखी एक सोय झाली आहे: जर्मन मालकाशी करार असेल आणि ए2 पातळीची (सुरुवातीची, रोजच्या साध्या बोलण्यापुरती) जर्मन येत असेल, तर आधी येऊन कामाला लागायचं आणि मान्यतेची प्रक्रिया इथेच पूर्ण करायची. यात पगार कामगाराचा मिळतो, स्टायपेंड नाही.

मग साडेतीन वर्षं कशाला घालवायची? दोन कारणांसाठी. भाषा आणि हात, दोन्ही इथल्या पद्धतीने घडतात, आणि पुढे मायस्टर (ट्रेडमधला उस्ताद, त्याची वेगळी परीक्षा असते) होऊन स्वतःची फर्म काढायची तर पाया पक्का असतो. तू तेवीसचा आहेस, घरची जबाबदारी अजून भाऊ सांभाळतोय असं लिहिलंस, म्हणून मी तुला आउसबिल्डुंगच सुचवेन. लग्न झालेलं असतं, पोरं असती, तर दुसरा रस्ता घे म्हटलं असतं.

पैशांचं स्पष्ट बोलू. पहिल्या वर्षाचं कायद्याने किमान स्टायपेंड 2025 मध्ये सुरू होणाऱ्यांना महिना 682 युरो होतं, 2026 मध्ये 724. आपल्या ट्रेडमध्ये हजाराच्या अलीकडे-पलीकडे मिळतं. त्यातून आरोग्य विमा, पेन्शन वगैरेचा साधारण पाचवा हिस्सा कापला जातो. छोट्या गावात खोली 350 ते 400, स्टुटगार्टमध्ये पाचशेच्या वर. जेवण, प्रवास, फोन धरलास तर हातात फार उरत नाही. स्टायपेंड पोटापुरतं नसेल तर फरकाची सोय दाखवल्याशिवाय व्हिसाच मिळत नाही; त्यासाठी सहसा ब्लॉक्ड खातं (ज्यातून दर महिन्याला ठरलेलीच रक्कम काढता येते) लागतं. शाळा चालू असतानाही आठवड्याला 20 तासांपर्यंत दुसरं काम करायला परवानगी आहे, पण थंडीत छतावरून उतरून आल्यावर ते झेपत नाही. म्हणून पहिली दोन वर्षं घरी पैसे पाठवायचं मनात धरू नकोस, आणि हे घरी आत्ताच सांग. सहा लाख म्हणजे साधारण सहा हजार युरो, किमान स्टायपेंडचे आठ महिने. ते कर्ज डोक्यावर घेऊन आलास तर फर्म वाईट निघाली तरी सोडायची हिंमत होणार नाही.

फर्म सोडता येते, हेही लक्षात ठेव. सुरुवातीचे एक ते चार महिने प्रोबेशनचे असतात, त्यात दोन्ही बाजू करार मोडू शकतात. तुझ्या चुकीशिवाय मोडला तर नवी जागा शोधायला सहा महिन्यांपर्यंत मुदत मिळते. शिकून झाल्यावर दोन वर्षं कुशल कामगार म्हणून नोकरी केलीस की कायम वास्तव्याचा अर्ज करता येतो. एजंट म्हणतो तसं ते 'लगेच' नाही, पण खरं आहे.

ते सहा लाख वाचव आणि त्यातला थोडा भाग भाषेवर घाल. पुण्यात मॅक्स म्युलर भवन आहे. बी1 (ए2 च्या वरची पातळी) चा कागद मिळाला की थांबू नकोस, त्याच्या वरच्या बी2 पर्यंत जा. साइटवर श्वाबेनची, म्हणजे इथल्या भागातली बोली चालते, आणि तोंडी परीक्षेत परीक्षक विचारतो की हाच ब्रेकर का निवडलास. त्याचं उत्तर तुला जर्मनमध्ये जुळवून सांगता यायला हवं. महाराष्ट्र सरकारने 2024 मध्ये याच बाडेन-व्युर्टेम्बेर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, त्याची माहिती जरूर घे, पण त्यावर हातातली नोकरी सोडू नकोस. जागा फर्म देते. जर्मनीच्या केंद्रीय रोजगार संस्थेच्या संकेतस्थळावर जागा फुकट दिसतात, फर्मना थेट लिही. छोट्या फर्म उत्तर द्यायला वेळ लावतात, फोन केलास तर जास्त बरं.

मुलाखतीत त्यांना विचार: सध्या किती शिकाऊ आहेत, गेल्या वर्षीचे पास झाले का, मला कोणाच्या हाताखाली देणार, राहायची सोय करून देता का. शक्य असेल तर एखाद्या जुन्या शिकाऊ मुलाशी बोलणं करून द्या म्हणून सांग. टाळाटाळ केली तर तिथे जाऊ नकोस. आणि करार हातात आला की सही करण्याआधी मला पाठव. स्टायपेंड, सुट्ट्या आणि शाळेचं नाव, एवढं मी पाहून देतो.