पॉडकास्ट ऐकून इतिहास-साहित्याचा खरा अभ्यास होतो का, की शेवटी पुस्तकेच वाचावी लागतात?

होतो. "हे ऐकीव ज्ञान आहे, याला अभ्यास म्हणत नाहीत," असे माझे थोरले बंधू मला गेली कित्येक वर्षे सुनावत आले आहेत, त्यामुळे आपला प्रश्न पाहून राहवले नाही.

डोळ्यांच्या शस्त्रक्रियेनंतर सहा आठवडे मला वाचायला मनाई होती, तेव्हा मी प्राचीन ग्रीसवरील चर्चा ऐकू लागलो. इ.स.पू. ४३१ च्या हिवाळ्यात, स्पार्टाविरुद्धच्या युद्धात पडलेल्या अथेन्सवासीयांच्या अंत्यविधीला तिथला नेता पेरिक्लीस याने केलेले भाषण मला विद्यार्थिदशेपासून माहीत होते आणि ते शब्दशः त्याचेच, असे मी धरून चाललो होतो. एका चर्चेत विदुषींनी त्यातले एक वाक्य म्हणून दाखवले. समोरच्या अभ्यासकांनी विचारले, "पण हे बोलतो आहे कोण, पेरिक्लीस की थ्युसिडिडीस?" थ्युसिडिडीस हा त्या युद्धाचा इतिहासकार, आणि हे भाषण त्याच्याच ग्रंथात येते. त्या प्रश्नावर तीन-चार सेकंद कोणीच बोलले नाही. जिथे पाठ्यपुस्तकाने पूर्णविराम दिला होता, तिथे जाणकार अडखळतात, हे मला त्या शांततेत प्रथम कळले.

वाचायची परवानगी मिळताच मी ग्रंथ उघडला. थ्युसिडिडीस पहिल्याच भागात स्वच्छ सांगतो की काही भाषणे त्याने स्वतः ऐकली, काही इतरांकडून कळली, नेमके शब्द लक्षात ठेवणे कठीण होते, म्हणून एकंदर आशयाला धरून, प्रसंगाला उचित वाटले ते त्याने वक्त्यांच्या तोंडी घातले. म्हणजे बंधू ज्या ग्रंथाचे दाखले मला देत, त्यातली भाषणेही ऐकीव आधारावरच उभी आहेत.

ऐकण्याची सुरुवात कशी करावी म्हणाल, तर एकट्याचे निवेदन टाळून, दोघांचे मतभेद उघड होतात अशी चर्चा निवडावी. निबंधांचे मात्र वेगळे आहे. फ्रेंच निबंधकार मोंतेन्यने १५८० साली निबंध प्रसिद्ध केले आणि १५९२ साली मृत्यू येईपर्यंत तो त्यांत भर घालत राहिला. असे वळसे घेत जाणारे लेखन एकदा ऐकून हाती लागत नाही, छापील प्रत समोर हवीच. सनावळ्याही नुसत्या ऐकून टिकत नाहीत, त्या लिहून घ्याव्यात.

दंतकथा नसल्यामुळे आपला ग्रंथ ऐकायला कदाचित तितका गोड वाटणार नाही, असेही थ्युसिडिडीस तिथेच म्हणतो, आणि बंधू नेमके तेच वाक्य माझ्यापुढे ठेवतात. माझ्या मते त्याची तक्रार दंतकथांना चटावलेल्या श्रोत्यांबद्दल आहे, ऐकण्याबद्दल नव्हे.