‘हे खरंच असं घडलं होतं का?’

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. तुझी तिन्ही प्रकरणं वाचली. नारायणराव पेशव्यांच्या खुनाचा दिवस शनिवारवाड्यातल्या एका कुणबिणीच्या, म्हणजे विकत घेतलेल्या दासीच्या, नजरेतून सांगायचा, ही कल्पना मला मनापासून आवडली. पेशवाईवर उदंड लिहून झालंय, पण मुदपाकखान्याच्या दारात उभं राहून तो दिवस पाहणारं कुणी माझ्या वाचनात आलेलं नाही. तू हे पुस्तक पूर्ण करावंस असं मला फार वाटतं, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

आधी दोन जागा. तुझ्या तिसऱ्या प्रकरणात खून रात्री होतो. पलिते, लांब सावल्या, अंधारातली धावपळ, सगळं उत्तम उतरलंय. पण ३० ऑगस्ट १७७३ ला गारदी, म्हणजे भाडोत्री शिपाई, वाड्यात घुसले ते भर दुपारी. ‘काका, मला वाचवा’ ही हाक पौर्णिमेच्या रात्री ऐकू येते असं आपण लहानपणापासून ऐकतो, आणि त्या दंतकथेतून रात्र सगळ्यांच्या मनात शिरली आहे. तू ती काढून टाक. भाद्रपदातली दुपार, गणपतीचे दिवस, वाड्यात वर्दळ. पंगती उठल्या असतील, खरकटं काढणं चाललं असेल, तुझी नायिका भांड्यांच्या राशीपाशी बसलेली असेल, आणि डोक्यावर लख्ख उजेड असताना माणसं कापली जाताहेत. त्या दिवशी पेशव्यांबरोबर वाड्यातली चाकरमाणसंही मारली गेली. चाफाजी टिळेकराचं नाव लोकांच्या लक्षात राहिलं. त्याच्या आसपास जे पडले, त्यांच्यासाठी तर तू ही कादंबरी लिहिते आहेस.

दुसरी जागा लहान आहे. पहिल्याच पानावर तुझी नायिका काडी ओढून समई लावते. काड्यापेटीतली ओढायची काडी बाजारात आली १८२७ साली, तीही इंग्लंडात. इथे १७७३ मध्ये चकमक होती, आणि त्याहून जास्त चुलीतला विस्तव होता. रात्री निखारे राखेत झाकून ठेवायचे, पहाटे राख बाजूला करून फुंकर घालायची, आणि विझलाच तर शेजारून विस्तव मागून आणायचा. आता बघ, एक काडी गेली आणि तुला एक अख्खा प्रसंग मिळाला. पहाटे विस्तव आणायला दुसऱ्या चौकात गेलेल्या बाईच्या कानावर काय काय पडू शकतं! तपशील अचूक असावा असा माझा आग्रह आहे तो एवढ्यासाठी. चुका काढणाऱ्यांची तोंडं बंद करणं हा त्यातला सगळ्यात छोटा फायदा. खरा तपशील कथानक पुढे नेतो.

आता मुख्य गोष्ट. आजच एक जाड वही घे आणि प्रत्येक पानाचे तीन रकाने कर. पहिल्यात कागदपत्रांतून मिळालेलं: कुठल्या खंडात, कितव्या पानावर, कुणाचं पत्र. दुसऱ्यात लोक सांगत आलेले आहेत ते. तिसऱ्यात तू रचलेलं. कादंबरीतला प्रत्येक प्रसंग, प्रत्येक नाव, वाड्यातली प्रत्येक खोली या तिनांपैकी एका रकान्यात बसली पाहिजे. हा नियम मी इतका लावून धरते, कारण महाराष्ट्रात ऐतिहासिक कादंबरी इतिहास म्हणून वाचली जाते. शाळेतलं पुस्तक लोक विसरतात आणि कादंबरीतले संवाद पाठ म्हणून दाखवतात. तू रचलेला एखादा प्रसंग वीस वर्षांनी कुणीतरी भाषणात घडलेला म्हणून सांगेल. ते तुला थांबवता येणार नाही. पण आपण कुठे रचलं, हे तुझं तुला पक्कं ठाऊक हवं आणि विचारणाऱ्याला सांगता यायला हवं.

‘ध चा मा’ची गोष्ट घे: राघोबादादांच्या पत्रातल्या ‘धरावे’चं त्यांच्या बायकोने, आनंदीबाईने, ‘मारावे’ केलं, अशी. ती मराठी माणसाच्या जिभेवर आहे, पण इतिहास म्हणून सिद्ध झालेली नाही. तिची जागा दुसऱ्या रकान्यात. म्हणून ती वगळायची का? मुळीच नको. फक्त लेखिकेने ती स्वतःच्या आवाजात, घडलेली म्हणून सांगू नये. नायिका म्हातारी झाल्यावर तिच्यासमोर कुणीतरी ती गोष्ट सांगू दे आणि तिने ऐकून घेऊ दे. आनंदीबाई जिवंत हाडामांसाची बाई होती, तिच्यावरचा आरोप पात्रांच्या तोंडी राहिला की तिच्यावर अन्याय होत नाही आणि कादंबरीचंही काही बिघडत नाही, उलट रंगत वाढते.

पहिला रकाना भरायचा तर पुण्यासारखं गाव नाही. सदाशिव पेठेतल्या भारत इतिहास संशोधक मंडळात जा. राजवाड्यांनी १९१० साली सुरू केलेली ही संस्था आपल्या हाकेच्या अंतरावर आहे, याचं मला अजून अप्रूप वाटतं. सरदेसायांनी संपादित केलेले पेशवे दफ्तराचे ४५ खंड छापील आहेत, सुरुवात तिथून कर. मग मोडी शीक आणि पुराभिलेखागारात जाऊन मूळ कागद बघ. तिथे कागद रुमालांत बांधलेले असतात. गाठ सोडली की आधी जुन्या कागदाचा वास येतो, मग ओळीच ओळी दिसतात. मोडी लिहिणारा आधी पानभर रेघ मारून घेतो आणि मग तिला अक्षरं लटकवत जातो. शब्द तोडलेले नसतात, ऱ्हस्वदीर्घाचा भेद नसतो, त्यामुळे सुरुवातीला एक ओळ लागायला तास लागतो. मग कधीतरी ‘अर्बा सबैन मया व अलफ’ एवढं वाचता येतं. चार, सत्तर, शंभर, हजार, म्हणजे सुहूर सन (त्या काळच्या कागदांवरची कालगणना) ११७४. त्यात ५९९ मिळव: १७७३. (जानेवारी ते मृगापर्यंतचा कागद असेल तर ६०० मिळवायचे.) तुझ्या कादंबरीचं वर्ष अशा रीतीने बोटाखाली आलं की पुढचं लिहिणं बदलतं, हे मी खात्रीने सांगते.

कुणबिणींबद्दल कागद बोलतात, पण फार थोडं: खरेदी, किंमत, दिलेलं लुगडं. एवढ्यावर कादंबरी उभी राहत नाही हे खरं. म्हणून तर तिसरा रकाना आहे, आणि तिथे तू मोकळी आहेस. तिचं गाव, तिची आई, तिचा राग, सगळं तुझं. कागद जिथे गप्प आहे तिथे भरपूर लिही, तो जिथे बोलतो तिथे त्याला खोडू नकोस.

बखरी जरूर वाच, भाषेसाठी तर वाचच, पण बऱ्याच बखरी घटनेनंतर पुष्कळ काळाने लिहिलेल्या आहेत, तेव्हा त्यांतली माहिती पहिल्या रकान्यात टाकण्यापूर्वी दुसरा आधार शोध. आणि दुसऱ्याच्या कादंबरीतून इतिहास कधीही घेऊ नकोस. घडलेल्या घटनेवर कुणाची मालकी नसते, पण लेखकाने रचलेला प्रसंग त्याचा असतो. आपल्याकडे स्वामित्वहक्क लेखकाच्या मृत्यूनंतरही ६० वर्षं चालतो. कायदा राहू दे बाजूला, एकाने कल्पनेने लिहिलेलं दुसऱ्याने खरं समजून उचललं, तिसऱ्याने त्यावरून, असं होत होत खोटा इतिहास पिढ्यान्‌पिढ्या पक्का होत जातो.

संवादांविषयी थोडक्यात. तुझे कारभारी फार संस्कृत बोलतात. दफ्तरातली मराठी फारसी शब्दांनी भरलेली आहे: जामदारखाना, फरासखाना, कारखाना, हुजूर. बाईमाणसांची बोली साधी ठेव, म्हणी घाल, पण प्रत्येक वाक्याला ‘जी’ लावू नकोस.

वाडाही पायाखाली घाल. आत लाकडाचं जे जे होतं ते १८२८ च्या आगीत गेलं. जोती, तट, दरवाजे राहिले. नारायण दरवाजापाशी दुपारी उभी राहा आणि तिथून आतल्या जोत्यांपर्यंत चालत जा. किती पावलं पडतात, ओरडलेलं कुठवर पोचेल, हे नकाशावरून कळत नाही.

आता छापण्याचं. हस्तलिखित पुरं झाल्याशिवाय प्रकाशकाकडे जाऊ नकोस. दिवाळी अंकाला एखादं प्रकरण मात्र जरूर दे. हरिभाऊ आपटे याच पुण्यात ‘करमणूक’मधून आपल्या कादंबऱ्या क्रमशः छापत होते; वाचकाला आधी थोडं चाखू देण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. संपादकांची आणि वाचकांची पत्रं येतात, त्यांत कामाचं बरंच असतं.

पैशाचा हिशेब उघड्या डोळ्यांनी कर. समज पुस्तकाची किंमत ५०० रुपये, मानधन दहा टक्के आणि आवृत्ती हजार प्रतींची. सगळी आवृत्ती खपली तर तुझ्या हाती ५०,००० येतील, तेही खपेल तसतसे. छापील किमतीतला मोठा वाटा विक्रेता आणि वितरक यांच्या सवलतीत जातो, उरलेल्यात कागद, छपाई, मुखपृष्ठ. हे कळलं की प्रकाशकावर उगाच राग येत नाही आणि नोकरी सोडण्याचा विचारही येत नाही. करारात छापील पुस्तक, ई-बुक, ऑडिओबुक, अनुवाद, नाटक-चित्रपट हे सगळे हक्क वेगवेगळे लिहून घे. ऐतिहासिक कादंबरीवर मालिका-सिनेमावाल्यांचा डोळा असतो, तो हक्क सहज म्हणून देऊन टाकू नकोस.

मलपृष्ठाचा मजकूर छपाईआधी स्वतः वाच. माझ्या एका पुस्तकावर प्रकाशकाला ‘अस्सल इतिहास’ असं छापायचं होतं, त्याने खप वाढेल म्हणून. मी ते काढायला लावलं. ‘कादंबरी’ हा शब्द मुखपृष्ठावर स्पष्ट असू दे. आणि शेवटी चार-पाच पानांची टीप जोड: कोणती माणसं खरी, कोणती कल्पित, कुठे तारखा जवळ आणल्या, कुठली गोष्ट दंतकथा. वही नीट ठेवलीस तर ही टीप एका आठवड्यात लिहून होते. प्रकाशक म्हणेल, पानं वाढतात. तू ऐकू नकोस.

विक्री लेखकाच्या हातात कमी असते, तरी काही गोष्टी आहेत. अप्पा बळवंत चौकातल्या विक्रेत्यांना स्वतः जाऊन भेट. गिऱ्हाईक काय मागतं हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं. आपल्याकडे ऐतिहासिक कादंबरीचा मोठा वाचक सार्वजनिक वाचनालयांत आहे. अ, ब, क, ड वर्गांची ही ग्रंथालयं गावोगाव आहेत, त्यांच्या खरेदीच्या वेळी आपलं पुस्तक यादीत आहे की नाही, हे प्रकाशकाला विचारत राहा. तालुक्याच्या वाचनालयातली एक प्रत पन्नास घरांत फिरते, आणि तिथून बोलावणं आलं तर एसटीने जावं लागलं तरी जा.

तिथे कुणीतरी उठून नक्की विचारेल, ‘ताई, हे खरंच असं घडलं होतं का?’ बहुतेक एखाद्या निवृत्त शिक्षिका असतील, किंवा दहावीतला मुलगा. टाळ्या मिळतील असं उत्तर देऊ नकोस. वही काढ, आणि खून खरा, दुपार खरी, चाफाजी खरा, ही बाई माझी, असं स्वच्छ सांग. माझा अनुभव असा की हे ऐकून वाचक हिरमुसत नाहीत. त्यांचे पुढचे प्रश्न जास्त चांगले येतात, आणि पुस्तकंही जास्त जातात.

कधी एखाद्या घराण्यातलं कुणी दुखावून पत्र लिहील. उत्तर दे, सन्मानाने आणि पुराव्यासकट. घरात जुनी कागदपत्रं आहेत का तेही विचार. अशा पत्रव्यवहारातून कधीकधी खरोखरच कागद बाहेर येतात.

मोडीच्या वर्गात नाव घातलंस की कळव. करारावर सही करण्याआधी तो मला दाखव, मी ओळ न्‌ ओळ वाचेन. आणि चौथ्या प्रकरणासोबत वहीची पानंही पाठव.

कळावे,

तुझी ताई
पुणे