ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलात सुतार पक्षी काटेसावरीच्या फुलात चोच घालून बसला होता. किडे शोधत होता की रस पीत होता?

बहुतेक रसच. सोनपाठी सुताराचं रोजचं खाणं मुंग्या आणि अळ्या, पण काटेसावर, पांगारा फुलला की तोही मैना-बुलबुलांच्या पंगतीला येऊन बसतो. जीभ चोचीच्या बरीच बाहेर निघते, त्यामुळे फुलाच्या तळाशी साचलेला मकरंद त्याला आयता मिळतो. मी येऊरलाच पाहिलाय. ठोकठोक अजिबात नाही, नुसती मान वाकवली; वर आला तेव्हा कपाळभर पराग, हळद लागलेल्या नवरदेवासारखा!

तुमचा पक्षी विटकरी होता का? मग तो तांबूस सुतार. तो आणखी वल्ली: झाडावरच्या मुंग्यांचं घरटं फोडून मुंग्या खातो आणि तसल्याच घरट्यात स्वतःची अंडीही घालतो.