वाचकांचे प्रश्न : नवगावकर, पेणकर इस्रायलमध्ये रमले का?

प्रश्न : आमच्या गावात पूर्वी बेने इस्रायली, म्हणजे कोकणातील मराठी बोलणाऱ्या ज्यूंची, कुटुंबे होती. त्यांचे तेलाचे घाणे शनिवारी बंद असत, म्हणून लोक त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत, असे आजी सांगत असे. इस्रायलला गेलेली ही मंडळी तिथे खरोखर रमली का? त्यांना तो देश परका वाटत नाही का?
— एक वाचक, पेण

उत्तर : ‘परका’ हा शब्द त्यांतील बहुतेकांना मान्य होणार नाही. नोकरीसाठी परदेशी गेलेल्या मराठी माणसाची आणि त्यांची गोष्ट वेगळी आहे, कारण त्यांच्या भावनेनुसार ते पूर्वजांच्या घरी परतले होते. हिब्रूत या स्थलांतराला ‘अलिया’, म्हणजे वर चढणे, असे म्हणतात आणि इस्रायलच्या १९५० च्या परतीच्या कायद्याने तो ज्यूंचा हक्कच ठरवला.

म्हणूनच तिथे वाट्याला आलेली वागणूक त्यांच्या जिव्हारी लागली. कोकणात शतकानुशतके राहताना त्यांच्या धर्माचा पुरावा शेजाऱ्यापाजाऱ्यांनी कधी मागितला नव्हता. तो मागितला गेला स्वतःच्या म्हणून गाठलेल्या देशात. वर्णावरून कामे नाकारली जातात, अशी तक्रार करीत काहींनी पन्नाशीच्या दशकाच्या आरंभीच तेल अवीवमध्ये धरणे धरले आणि त्यांतील काही जण भारतात परतलेही. मात्र पुढे त्यांच्यापैकी अनेकांनी पुन्हा इस्रायलच गाठले. साठच्या दशकात तर विवाहापूर्वी त्यांची वंशावळ तपासण्याचा आदेश तिथल्या धर्मपीठाने काढला. त्याविरुद्ध जेरुसलेममध्ये आंदोलन झाले आणि १९६४ मध्ये बेने इस्रायली सर्वार्थाने ज्यू आहेत, असे संसदेला जाहीर करावे लागले. एखाद्या समाजाला आपल्याच घराच्या उंबरठ्यावर ओळख पटवून द्यावी लागावी, यापरता अपमान नाही, असे मला मनापासून वाटते.

आज दिमोना, बीरशेबा, लोद, अश्दोद या गावांत त्यांची वस्ती आहे. तिथे जन्मलेली, सैन्यात सेवा केलेली पिढी हिब्रू बोलते. मराठी तिला समजते, पण सफाईने बोलता येतेच असे नाही. ज्येष्ठ मंडळी मात्र भारताला मायभूमी आणि इस्रायलला पितृभूमी म्हणतात, आणि हे केवळ तोंडदेखले नसते. तिथून निघणाऱ्या मराठी नियतकालिकाचे नावच ‘मायबोली’ आहे. लग्नाआधी मेंदी लागते. नवस फेडताना मलिदा केला जातो : भिजवलेल्या पोह्यांत ओले खोबरे, साखर आणि वेलची घालून ताटात त्याची रास करतात, भोवती केळी, खजूर आणि इतर फळे मांडतात, आणि एलियाहू हनबी, म्हणजे प्रेषित एलियाहू, यांचे नाव घेऊन हिब्रू प्रार्थना म्हणतात.

आपले गाव अलिबागपासून फार दूर नाही. त्या तालुक्यातील खंडाळे येथे एलियाहूच्या रथाची खूण मानला जाणारा खडक आहे. इस्रायलहून येणारी कुटुंबे तिथे आवर्जून जातात. गाठ पडली, तर त्यांच्याशी मराठीत बोलून पाहावे.