कलमं पाठ झाली, आता कुंदूझ वाच

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

युद्धाचे नियम घालून देणाऱ्या जिनिव्हा करारांची कलमं तुझी तोंडपाठ आहेत, हे पत्रावरून दिसलंच. पुढे काय वाचू, विचारतेस. नवा ग्रंथ घेऊच नकोस. कुंदूझ शहरातल्या रुग्णालयावर अमेरिकी विमानाने केलेल्या हल्ल्याचा अमेरिकी लष्कराचा चौकशी अहवाल एप्रिल २०१६ मध्ये जाहीर झाला. तो घे आणि वही-पेन्सिल घेऊन बस.

३ ऑक्टोबर २०१५ची रात्र, अफगाणिस्तान. 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स' या वैद्यकीय मदत संस्थेने आपल्या तिथल्या रुग्णालयाचे अक्षांश-रेखांश चारच दिवस आधी पुन्हा कळवले होते. मारा करू नये अशा ठिकाणांच्या यादीत ते होतंही. पण एसी-१३० हे तोफा बसवलेलं अमेरिकी विमान घाईने उडालं आणि ती यादी त्यात भरलीच गेली नाही. लक्ष्य होतं तालिबानच्या ताब्यातली एक सरकारी इमारत. तिचे अक्षांश-रेखांश टाकले, तर यंत्रणेने मोकळं शेत दाखवलं. मग वर्णनाशी जुळणारी जवळची मोठी इमारत नजरेनेच निवडली गेली. मारा सुरू होण्याच्या मिनिटभर आधी विमानाने त्या जागेचे अक्षांश-रेखांश अमेरिकेच्या बगराम तळाला कळवलेसुद्धा. ते यादीतल्या रुग्णालयाचेच आहेत, हे तिथे कोणाच्या लक्षात आलं नाही. हल्ला चालू असताना रुग्णालयातून फोन जात राहिले. ४२ माणसं गेली.

रुग्णालयावर मारा करायचा नाही, हे यातल्या कोणाला शिकवायची गरज नव्हती. लक्ष्याची शक्य ती सगळी खातरजमा करा, हा नियमही जुनाच. तो यादीपर्यंत, संगणकापर्यंत, रात्रपाळीच्या अधिकाऱ्यापर्यंत पोचला नाही. म्हणून तुला कायद्याइतकंच लष्कराचं कामकाज कळायला हवं: यादी कोण भरतं, कोण तपासतं, 'थांबा' म्हणायचा अधिकार कोणाला.

१६ जणांवर प्रशासकीय कारवाई झाली, फौजदारी खटला एकावरही नाही. हेतू नव्हता, म्हणून हा युद्धगुन्हा नाही, असं लष्कराचं म्हणणं. मला ते आजही पटत नाही. समोर शेत दिसत असताना अंदाजाने इमारत निवडणं ही बेपर्वाई आहे, आणि बेपर्वाईला कायद्याने इतकं सहज सोडू नये. यावर तुझं मत वेगळं असेल तर मोकळेपणाने भांड.

अहवालातली नावं काळी केली आहेत, हुद्दे वाचता येतात. तेवढ्यावर मिनिटवार तक्ता कर. प्रत्येक टप्प्यापुढे लिही, इथे कोण थांबवू शकलं असतं. झाला की पाठव, मग पुढचं बोलू.